सोनोग्राफीत एका किडनीत खडा आणि दुसरीत पाण्याची गाठ, रिपोर्ट समजावून सांगाल का कुणी?

अकोलेकरीण

नमस्कार मंडळी. पोटात वरच्या बाजूला जळजळ, जेवलं की गच्च वाटायचं म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करून या म्हटलं. मला वाटलं ॲसिडिटी नाहीतर फार तर पित्ताशयाचं काही निघेल, पण रिपोर्ट हातात आला तर त्यात भलतंच. माझं वय ४७, बीपी नाही, शुगर नाही, लघवीला जळजळ वगैरे काही नाही. कंबर दुखते पण दिवसभर वर्गात उभं राहून शिकवायचं म्हटल्यावर ती दुखणारच, माझ्या सगळ्या सहकारी बायांची दुखते.

रिपोर्टात लिहिलंय ते जसंच्या तसं टाकते. उजवी किडनी १०.१ × ४.३ सेमी, लोअर पोल कॅलिक्समध्ये ४.२ मिमी कॅल्क्युलस, नो हायड्रोनेफ्रोसिस. डावी किडनी १०.४ × ४.६ सेमी, अप्पर पोलला २८ × २५ मिमी सिंपल कॉर्टिकल सिस्ट. दोन्हीकडे कॉर्टिकल इकोजेनिसिटी नॉर्मल, सीएमडी मेंटेन्ड. शिवाय ग्रेड वन फॅटी लिव्हर, पण ते आता घरोघरी आहे म्हणे.

आमचे डॉक्टर लग्नाला बाहेरगावी गेलेत, पुढच्या आठवड्यात भेटतील. तोवर घरात प्रत्येकाचं वेगळं चालू आहे. जाऊबाई म्हणतात गाठ म्हणजे गाठ, ताबडतोब नागपूरला मोठ्या दवाखान्यात दाखव. सासूबाईंनी शेजारून पानफुटीची पानं आणून ठेवली, रोज सकाळी अनशापोटी दोन चाव. नवरा म्हणतो दुखत नाही ना मग सोड. मला खड्यापेक्षा त्या गाठीचीच जास्त धास्ती आहे, खडा चार मिमी आणि गाठ अठ्ठावीस, म्हणजे सातपट की हो! खड्यामुळेच गाठ झाली का? की गाठीमुळे खडा? आणि टोमॅटो, पालक, दूध सगळं बंद करायचं का? टोमॅटो बंद केला तर आमच्या घरी भाजी होणार कशी हा वेगळाच प्रश्न.

चहाबाज

ताई आधी पाणी प्या आणि शांत बसा. मी मुतखड्याचा जुना गिऱ्हाईक आहे, सोलापूरचा, दर काही वर्षांनी एक खडा येतो आणि जातो. तुमचा खडा किडनीत खालच्या कप्प्यात बसलाय, तो तिथं बसून आहे तोवर सहसा काही बोलत नाही. किडनीतून निघून खालच्या नळीत उतरायला लागला की मग खरी मजा. ती कळ ज्याला आली त्यालाच ठाऊक, मागून बरगडीखालून सुरू होते, पुढं जांघेपर्यंत उतरते, माणूस एका जागी बसू शकत नाही, झोपू शकत नाही, उलट्या होतात. ॲपेंडिक्सवाला निपचित पडून राहतो आणि खडेवाला घरभर येरझाऱ्या घालतो, आमच्या डॉक्टरांनी मला लांबून बघूनच ओळखलं होतं.

४ मिमी म्हणजे बहुतेक आपोआप पडायच्या साईजचा. आमच्या युरोलॉजिस्टनं सांगितलेला हिशोब असा, की नळीत आलेला ५ मिमीच्या आतला खडा दहापैकी सहासात जणांचा आपोआप पडतो, ५ ते १० मधला निम्म्या लोकांचा, आणि त्याच्या वर गेला तर वाट बघण्यात अर्थ नाही. पडला तर फेकू नका फक्त. चहाच्या गाळणीत लघवी करा (ती गाळणी नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका म्हणजे झालं) आणि खडा डबीत घालून लॅबला द्या. कशाचा बनलाय ते कळलं तरच पुढचं पथ्य ठरतं, नाहीतर सगळं हवेत तीर मारणं.

गाठीबद्दल मला अक्कल नाही, त्यावर इथले जाणकार बोलतील.

काळंपांढरं

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोजचं कामच हे. तुमची तपासणी मी केलेली नाही, फिल्म बघितलेली नाही, त्यामुळे रिपोर्टात लिहिलंय ते बरोबर आहे असं धरून बोलतो, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिलं म्हणजे खडा आणि सिस्ट यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन वेगळ्या किडन्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच दिवशी दिसल्या एवढंच. आणि मिमीची तुलना तर करूच नका, तिथंच सगळे घाबरतात. खडा २८ मिमीचा असता तर आज मीच म्हणालो असतो की उद्याच युरोलॉजिस्टकडे जा. सिस्ट २८ मिमीची म्हणजे किडनीच्या कडेला पापडाला फोड येतो तशी पातळ भिंतीची पाण्याची पिशवी, ती पाच सेमीची असली तरी बऱ्याचदा माणसाला पत्ता नसतो. वय वाढतं तशा या गाठी वाढतात, पन्नाशीच्या पुढं तर दर तीनचार माणसांत एखाद्याला सापडतेच. दिवसभरात मी त्या इतक्या लिहितो की बोटं आपोआप टाईप करतात.

आता आम्हाला कसं कळतं ते सांगतो म्हणजे तुमची धास्ती कमी होईल. आमचं मशीन आवाज सोडतं आणि परत आलेला आवाज ऐकतं. पाण्यातून आवाज काही न अडता पार जातो, म्हणून पाण्याची गाठ पडद्यावर कुळकुळीत काळी दिसते, आतमध्ये एक ठिपका नाही, कड गुळगुळीत, आणि तिच्या मागचा भाग उलट जास्त उजळ दिसतो. खड्याचं बरोबर उलटं, आवाज त्याच्यावर आपटून परत येतो, म्हणून खडा पांढराशुभ्र आणि त्याच्या मागं काळी सावली. कलर डॉप्लर लावला की खड्यामागं रंगांची लुकलुक होते, बारीक खडा शोधायला ती फार कामाची. तर तुमच्या गाठीत ही पाण्याची सगळी लक्षणं सापडली म्हणूनच पुढं सिंपल लिहिलंय, तो शब्द कुणी सहज टाकत नाही. आतमध्ये जाड पडदे, कडेला कॅल्शियम, मांसल भाग किंवा रक्तपुरवठा दिसला असता तर आम्ही कॉम्प्लेक्स लिहितो आणि कॉन्ट्रास्ट सीटी नाहीतर एमआरआय करा म्हणतो. त्या सीटीवर मग बोस्नियाकची वर्गवारी लावतात. मॉर्टन बोस्नियाक हे न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट, त्यांनी १९८६ मध्ये ती मांडली आणि २०१९ मध्ये ती सुधारून नव्यानं आली. एक आणि दोन नंबरच्या गाठींना काही करायचं नसतं, टू एफ म्हणजे ठरावीक काळानं परत बघायची, तीन नंबरमध्ये निम्म्याच्या आसपास कॅन्सर निघतो आणि चार नंबरमध्ये बहुतेक निघतोच. तुमची रिपोर्टप्रमाणे एक नंबरच्या घरातली. तिच्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत बसायचीही गरज नसते, सुई घालून पाणी काढायची तर नाहीच नाही. काढलं तरी परत भरतं. फार मोठी होऊन दुखायला लागली, मूत्रमार्गावर दाबायला लागली किंवा तिच्यात पू झाला तरच तिच्याकडे बघतात.

खड्याकडे येतो. ४.२ मधला तो पॉइंट दोन फार मनावर घेऊ नका. सोनोग्राफीत बारीक खडे असतात त्यापेक्षा मोठे मोजले जातात, आणि ३ मिमीच्या आतले निसटतात तरी किंवा नसलेले दिसतात तरी. उद्या दुसऱ्या सेंटरला गेलात आणि तिथं ५ आला तर खडा रात्रीतून वाढला असं नाही, आणि ३ आला तर पानफुटीनं विरघळला असंही नाही (हे सासूबाईंना नका सांगू). आणि खडा नळीच्या मधल्या भागात असला तर आतड्यातल्या गॅसमुळे आम्हाला दिसतच नाही. म्हणून जोराची कळ असेल आणि सोनोग्राफी कोरी आली तर साधा, म्हणजे इंजेक्शनशिवायचा सीटी करतात, त्यात जवळपास सगळे खडे सापडतात. तुम्हाला आत्ता त्याची काही गरज दिसत नाही.

तुमच्या रिपोर्टात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे नो हायड्रोनेफ्रोसिस. किडनीला सूज नाही, लघवी अडलेली नाही. खडा केवढा आहे यापेक्षा तो वाट अडवतोय का हा प्रश्न मोठा असतो. ३ मिमीचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला तर हैराण करतो आणि ८ मिमीचा कप्प्यात निवांत पडून राहतो. बाकी कॉर्टेक्स नॉर्मल, सीएमडी मेंटेन्ड म्हणजे किडनीची बाहेरची साल आणि आतला गाभा वेगवेगळे ओळखू येतात, जुनाट आजारात हा फरक पुसट होतो. साईज ९ ते १२ सेमीच्या मध्ये, अगदी बरोबर. फक्त लक्षात घ्या, सोनोग्राफी किडनी कशी दिसते ते सांगते, काम कसं करते ते नाही. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी, दोन्ही स्वस्त आहेत, डॉक्टर येईपर्यंत करून ठेवलीत तर एक फेरी वाचेल.

अजून एक. पोटातल्या जळजळीचा या दोन्हींशी संबंध नाही. डॉक्टरांकडे गेलात की किडनीच्या नादात मूळ तक्रार सांगायची विसरू नका, असं फार लोकांचं होतं.

हुलगेवाला

सगळे मॉडर्न सल्ले झाले, आता गावठी ऐका. कुळथाचं कढण. आमच्याकडं (सांगली) हुलगे म्हणतात. रात्री मूठभर भिजत घालायचे, सकाळी शिजवून वरचं पाणी प्यायचं, थोडं जिरं सैंधव घालून. माझ्या चुलत्यांचे खडे याच्यानंच पडले, ऑपरेशनची तारीख घेतली होती ती रद्द केली. पानफुटी पण चांगली, पाषाणभेद उगाच नाव नाही पडलं. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत कारण यात त्यांना काही सुटत नाही.

चहाबाज

हुलगेवाले दादा, मी पण कढण प्यालोय आणि आवडतं पण मला, पण चुलत्यांचा खडा केवढा होता? ५ मिमीच्या आतला असेल तर तो कढणानं पडला, नारळपाण्यानं पडला की नुसताच पडला हे देवाला माहीत. माझा एक खडा गणपतीच्या मिरवणुकीत नाचताना पडला, म्हणून मी काय लेझीम लिहून देऊ का लोकांना 😄

काळंपांढरं

कढणाला माझा विरोध नाही, पातळ प्यायल्यानं पाणी पोटात जातं आणि तेच हवंय. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, दहात सातआठ, आणि ते विरघळवणारं औषध ना माझ्याकडं आहे ना कुणाकडं. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, लघवीतली आम्लता पोटॅशियम सायट्रेटनं कमी केली की, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. म्हणून वर चहाबाज म्हणाले ते खडा तपासायचं लाखमोलाचं आहे.

पानफुटीचं मात्र जपून. त्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांनी जास्त खाल्ली तर विषबाधा होते. सासूबाईंना म्हणा कुंडीत लावू, छान दिसते. आणि सैंधव म्हणजे मीठच. खड्यावर मीठ वाईट, कारण जेवढं मीठ जास्त तेवढं कॅल्शियम लघवीतून जास्त बाहेर पडतं.

अकोलेकरीण

बाप्पा, केवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी! काळंपांढरं सर, तुमचं उत्तर जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे डॉक्टर खरे कशावरून. असो.

एक सांगायचं राहिलं, आधी महत्त्वाचं वाटलं नाही. माझी आई शेवटी शेवटी डायलिसिसवर होती, ती गेली तेव्हा ६१ ची होती. तिला बीपी होतं आणि शुगरही बरीच वर्षं होती, डॉक्टर शुगरमुळं किडनी गेली म्हणायचे. पण आता मला रात्री झोप येईना, तिलाही अशाच गाठी असतील का? हे घराण्यात येतं असं कुठंतरी वाचलं. माझी मुलगी १९ ची आहे.

आणि पाण्याचं म्हणाल तर तिथंच सगळी गोम आहे. शाळेत सकाळी जाते ती दुपारीच घरी, टॉयलेटची सोय धड नाही, म्हणून आम्ही बाया पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात अकोल्यात ४५ पर्यंत जातं तरी बाटली तशीच परत येते.

मामाकडची

ताई, घराण्यातल्या गाठींचं मी सांगते, आमच्या घरात तो आजार आहे. पॉलिसिस्टिक किडनी म्हणतात, डॉक्टर एडीपीकेडी लिहितात. आईला, मामाला, आणि आता मला. पण त्यात एखादी गाठ नसते हो, दोन्ही किडन्या गाठींनी भरलेल्या असतात, मामाची सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टरांनी मोजायचं सोडून दिलं, साईजच १७ सेमीच्या वर गेली होती. लिव्हरमध्ये पण गाठी असतात. आणि बीपी तिशीतच वर जायला लागतं.

आमच्या नेफ्रोलॉजिस्टनी मला वयाचं गणित सांगितलं होतं. ज्याच्या आईला किंवा वडिलांना हा आजार आहे असा माणूस १५ ते ३९ मध्ये असेल तर दोन्ही मिळून तीन गाठी, ४० ते ५९ मध्ये असेल तर प्रत्येक किडनीत निदान दोन, आणि साठीनंतर प्रत्येकीत निदान चार, तेव्हा कुठं सोनोग्राफीवरून हो म्हणतात. आणि उलट बाजूनं, चाळिशी ओलांडल्यावर दोन्ही किडन्या मिळून दोनसुद्धा गाठी नसतील तर घरात आजार असूनही आपल्याला नाही असं धरतात. तुमचं वय ४७ आणि गाठ एक. तुम्ही तर त्या रेषेच्या अलीकडंच आहात. त्यात आईला तो आजार होता असंही कुणी म्हटलेलं नाही, शुगर आणि बीपीनंच आपल्याकडं सगळ्यात जास्त किडन्या जातात.

तरी मनाची रुखरुख असेल तर आईची जुनी फाईल शोधा. डायलिसिस लागलं म्हणजे तेव्हा सोनोग्राफी नक्की झाली असणार, त्यात किडनीची साईज बघा. किडनी शुगरनं गेली असेल तर गाठींनी खचाखच भरलेलं वगैरे काही लिहिलेलं नसेल. फाईल सापडली तर डॉक्टरांना दाखवा, नाही सापडली तर बहीणभावांपैकी कुणाची सोनोग्राफी झाली असेल ती बघा. मुलीला लगेच मशीनखाली झोपवू नका. तिला उगाच घाबरवाल. आमच्यात प्रत्येक मुलाला निम्मी निम्मी शक्यता असते, तरी मी माझ्या मुलाची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांशी बोलून, त्याला समजेल अशा वयात करायचं ठरवलंय, बीपी मात्र दरवर्षी बघते.

आणि आईच्या शुगरवरून आठवलं, तुमची स्वतःची शुगर आणि बीपी मात्र दरवर्षी मोजत जा. तुमच्या किडनीला या पावणेतीन सेमीच्या गाठीपेक्षा त्या दोघांकडून धोका जास्त.

वाळवंटातला_विदर्भी

मी दुबईला साईटवर असतो, मूळ यवतमाळचा. इथं आमच्या कॅम्पमध्ये मुतखडा म्हणजे सर्दीइतका कॉमन, घाम सगळा बाहेर आणि लघवी गडद चहासारखी. वर कुणी लिहिलं नाही म्हणून एक गोष्ट सांगतो, ताईंना आत्ता लागू नाही पण वाचणाऱ्या कुणाला तरी होईल.

कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं. माझ्यासोबतच्या एका माणसाला जोराची कळ आली, इंजेक्शन घेतलं, चार दिवसांत बरं वाटलं, तो म्हणे पडला असेल. ना गाळून बघितलं ना परत सोनोग्राफी केली. मधूनमधून कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक. बऱ्याच महिन्यांनी व्हिसाच्या मेडिकलला नाही, दुसऱ्याच कारणानं पोटाची सोनोग्राफी झाली तर त्या बाजूची किडनी फुगून पातळ झालेली. खडा नळीतच होता, दुखणं तेवढं बंद झालं होतं. अडथळा हळूहळू झाला की किडनी ओरडत नाही. दुसरी किडनी चांगली असल्यामुळं क्रिएटिनिन पण नॉर्मल येतं, त्यामुळं रक्त तपासून समाधान मानू नका. खडा नळीत आलाय असं एकदा कळलं की तो हातात पडेपर्यंत नाहीतर सोनोग्राफीत सूज गेलेली दिसेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

आणि खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर रात्री दोन वाजता पण दवाखाना गाठायचा. अडलेल्या लघवीत इन्फेक्शन म्हणजे काही तासांत रक्तात विष पसरतं. लघवी अजिबात होईना, एकच किडनी आहे, बाई गरोदर आहे, यातलं काही असेल तरी तसंच.

बाय द वे माझं दुर्बिणीनं झालं, आत स्टेंट ठेवला होता. ती नळी काढायची असते! लोक गावाला जातात आणि विसरतात, मग तिच्यावरच खडे चढतात. डिस्चार्ज कार्डवर तारीख लिहून घ्या, फ्रीजवर चिकटवा. पैशाची अडचण असलेल्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या ऑपरेशनचं विचारावं, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आधार घेऊन ऑपरेशनच्या आधी जायचं, नंतर नाही.

पथ्यपाणी

आहाराचं कुणीच नीट उत्तर दिलं नाही म्हणून मी, डाएटिशियन आहे. टोमॅटो बिनधास्त खा. बिया पोटात जाऊन त्याचा खडा होतो ही निव्वळ थाप, टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं. जास्त असतं ते पालक, अळू, चुका, बीट, तीळ, बदाम-काजू यांत. अळू खाल्ल्यावर घसा खाजतो ना, तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळंच, म्हणून आपण चिंच घालतो. पालक आयुष्यातून हद्दपार करायची गरज नाही, पण पालकाचा ज्यूस करून रोज सकाळी पिणाऱ्या हेल्दी लोकांनी जरा थांबावं.

दूध बंद करणं तर उलटं पडतं. दुधादह्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोघं शौचावाटे जातात. कॅल्शियम तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तातून किडनीत. इटलीतला २००२ चा एक अभ्यास आम्हाला शिकवतात, वारंवार खडे होणारे १२० पुरुष, निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार आणि निम्म्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना परत खडे झाले आणि दुसऱ्यात १२ जणांना. म्हणून जेवताना वाटीभर दही किंवा ताक घ्या, जेवणासोबतच, ते महत्त्वाचं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही जेवणासोबत की कशा ते डॉक्टरांना विचारा, आणि व्हिटॅमिन सीच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या उगाच चघळू नका, त्याचंही ऑक्झलेट होतं.

मीठ कमी म्हणजे वरून घ्यायचं बंद एवढंच नाही, लोणचं, पापड, फरसाण, शेव (वऱ्हाडात शेवभाजी सोडा म्हणायला मला जीवावर येतंय). लिंबू चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही, पण लिंबूपाण्यात चमचाभर मीठ आणि चार चमचे साखर घातली तर काय उपयोग. बिअरनं खडा धुऊन निघतो म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

अकोलेकरीण

डॉक्टरांना भेटून आले. तुम्ही सांगितलं तसं क्रिएटिनिन आणि लघवी आधीच करून नेलं होतं, क्रिएटिनिन ०.७, लघवीत काही नाही. गाठीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही, म्हणाले राहू दे तिला. खड्यासाठी सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी, मध्ये कळ आली किंवा ताप आला तर लगेच. युरिक ॲसिड आणि कॅल्शियम करायला दिलंय. जळजळीचं आठवणीनं सांगितलं, त्याची वेगळी गोळी दिली. आईची फाईल भावाकडं अमरावतीला आहे, तो माळ्यावरून काढून फोटो पाठवतो म्हणाला. पानफुटी कुंडीत लावली.

आता फक्त शाळेचं काय करू सांगा. डॉक्टर म्हणाले दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, आमच्या उन्हाळ्यात तेवढ्यासाठी साडेतीन-चार लिटर प्यावं लागेल. ते शाळेत कसं जमवू?

मामाकडची

मी पण शिक्षिकाच आहे, मला हे रोजचंच. सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास प्या आणि निघायच्या आधी जाऊन या. शाळेत एकदम गटागटा पिऊ नका, त्यानं लगेच लागते, दर तासाला वर्ग बदलताना दोनतीन घोट घ्या. मधल्या सुट्टीत जायचंच असं ठरवून टाका. घरी आल्यापासून झोपेपर्यंत दीड लिटर सहज होतं, आणि झोपताना एक ग्लास, रात्री एकदा उठावं लागलं तर उठायचं, रात्रीच लघवी सगळ्यात घट्ट असते. रंग बघत जा, फिकट पिवळा आला की पुरे. आणि तुम्ही सगळ्या बाया मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्या टॉयलेटचं, आम्ही सातजणींनी सह्या करून दिलं तेव्हा कुठं दाराला कडी आणि नळाला पाणी आलं.

अकोलेकरीण

अर्ज आजच लिहिते. वरच्या वर्गातल्या मुलीपण पाणी पीत नाहीत याच कारणानं, तेही त्यात घालते.